गुरूच्या पोटात काय आहे?

ग्रहांविषयी या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच बाबीकडे आहे: गुरू, शनी आणि त्यांच्याही पलीकडचे दोन मोठे ग्रह नेमके कशाचे बनले आहेत? सारखे प्रश्न एकत्र करून येथे सात प्रश्न घेतले आहेत. पहिल्या तीन उत्तरांना जागा अधिक लागली आहे, कारण पुढच्या प्रश्नांचा उलगडा बऱ्याच अंशी त्यांतूनच होतो.

प्रश्न : गुरू आणि शनी हे वायूचे ग्रह आहेत असे आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवले. पण वायूचा एवढा मोठा गोळा अवकाशात पसरून का जात नाही? तो कोणत्या वायूचा आहे? आणि तेथे कोणी गेलेले नसताना हे कळले कसे? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : वायू पसरतो तो त्याला आवरून धरणारे काही नसते तेव्हा. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३१८ पट आहे आणि त्याच्या ढगांच्या पातळीवरून कायमचे निसटायचे असेल, तर सेकंदाला सुमारे ६० किलोमीटर वेग लागतो. त्या पातळीवर तापमान शून्याखाली सुमारे १०८ अंश सेल्सिअस असल्याने तेथील हायड्रोजनच्या रेणूंचा सरासरी वेग सेकंदाला दीड किलोमीटरच्या आतच राहतो. पृथ्वीवर हेच गणित उलटे आहे. येथून सुटण्यासाठी सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग पुरतो आणि वातावरणाचा सर्वांत वरचा थर बराच तप्त असतो, त्यामुळे आपल्याकडचा मोकळा हायड्रोजन आजही थोडाथोडा निसटत असतो. म्हणजे सर्वांत हलका वायू धरून ठेवण्याची ताकद गुरूत आहे, पृथ्वीत नाही.

तो वायू कोणता, या प्रश्नाचा पहिला धागा रसायनशास्त्रातून नव्हे, तर वजनातून मिळाला. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र पाहिले. एखादा चंद्र किती अंतरावरून आणि किती काळात फेरी पूर्ण करतो हे कळले, की ज्या ग्रहाभोवती तो फिरतो त्याचे वस्तुमान काढता येते, आणि न्यूटनने गुरू व शनी यांच्याबाबत हे गणित मांडून दाखवले. वस्तुमानाला आकारमानाने भागले की सरासरी घनता मिळते. पृथ्वीची घनता पाण्याच्या साडेपाच पट आहे, गुरूची १.३३ पट आणि शनीची तर अवघी ०.६९ पट. येथे एक गोष्ट नजरेतून सुटू शकते. गुरूएवढ्या वस्तुमानाचा गोळा निव्वळ पाण्याचा असता, तरी स्वतःच्याच भाराखाली दबून त्याची घनता याहून कितीतरी जास्त झाली असती. इतके दाबले जाऊनही इतके हलके राहील असे विश्वात मुबलक असलेले पदार्थ दोनच आहेत, हायड्रोजन आणि हेलियम.

दुसरा धागा चपटेपणाचा. गुरू दहा तासांहूनही कमी वेळात स्वतःभोवती फिरतो. त्यामुळे त्याचा विषुववृत्तावरचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे नऊ हजार किलोमीटरने जास्त आहे, म्हणजे तो साडेसहा टक्के चपटा आहे. त्याची घनता आतबाहेर सर्वत्र सारखी असती, तर याच वेगाने फिरताना तो सुमारे अकरा टक्के चपटा झाला असता. ज्या अर्थी तो तेवढा चपटा नाही, त्या अर्थी त्याचे वस्तुमान मध्याकडे एकवटलेले आहे. पृथ्वीवरून दुर्बिणीने केलेल्या मापनावरून गुरूच्या अंतरंगाबद्दल इतके ठाम विधान करता यावे, हे मला या विषयातले सर्वांत देखणे अनुमान वाटते.

तिसरा धागा वर्णपटाचा, म्हणजे प्रकाश रंगांत पसरवून मिळणाऱ्या पट्ट्याचा, आणि तो सुरुवातीला काहीसा फसवा निघाला. गुरूवरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशात काही काळ्या पट्ट्या दिसत. त्या मिथेन आणि अमोनिया या वायूंच्या आहेत, हे रुपर्ट विल्ट यांनी १९३२ मध्ये ओळखले. प्रत्यक्षात हे दोन्ही वायू तेथे अगदी थोडे आहेत, मात्र ते प्रकाश जोरकसपणे शोषतात म्हणून चटकन नजरेत भरतात. उलट हायड्रोजनचा रेणू थंड अवस्थेत दृश्य प्रकाश जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे जो वायू तेथे सर्वाधिक आहे त्याच्या अत्यंत पुसट रेषा गुरूच्या वर्णपटात सापडायला १९६० साल उजाडावे लागले. हेलियमचे थेट मोजमाप तर पृथ्वीवरून जमण्याजोगेच नव्हते.

ते काम गुरूकडे पाठवलेल्या गॅलिलिओ नावाच्या यानाने सोडलेल्या एका शंकूसारख्या उपकरणाने केले. ७ डिसेंबर १९९५ रोजी ते सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने गुरूच्या वातावरणात घुसले, पुढे हवाई छत्रीच्या आधाराने उतरत राहिले आणि सुमारे तासभर माहिती पाठवून शांत झाले. तोपर्यंत बाहेरचा दाब आपल्या समुद्रसपाटीवरील दाबाच्या बावीस-तेवीस पट झाला होता आणि तापमान १५० अंशांवर पोहोचले होते. गुरूच्या वातावरणात मानवनिर्मित उपकरणाने प्रत्यक्ष चाचणी केली ती ही एवढीच. तिच्यातून निघालेला हिशेब असा आहे: रेणू मोजले तर शंभरांपैकी सुमारे ८६ हायड्रोजनचे आणि १३ ते १४ हेलियमचे, वजनाने पाहिले तर जवळपास तीन चतुर्थांश हायड्रोजन आणि एक चतुर्थांशाच्या किंचित आत हेलियम. उरलेल्या अल्प भागात मिथेन, अमोनिया, पाण्याची वाफ, हायड्रोजन सल्फाइड, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन असे अनेक पदार्थ येतात.

सूर्याचे घटक आणि त्यांचे प्रमाणही जवळपास असेच आहे, आणि त्यात नवल नाही, कारण सूर्य आणि गुरू वायू-धुळीच्या एकाच मेघातून घडले. मात्र हे साम्य तंतोतंत नाही, आणि संशोधकांना खरे कुतूहल त्या फरकांचेच आहे. कार्बन, नायट्रोजन, गंधक आणि आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन हे वायू गुरूवर सूर्याच्या तुलनेत दुप्पट ते चौपट आढळले. आर्गॉन गोठायला अतिशय कमी तापमान लागते, आणि गुरू आज जेथे आहे तेथे एवढी थंडी ग्रह घडताना असण्याचा संभव कमी. त्यामुळे हा माल सूर्यापासून फार दूरच्या गारठ्यात गोठलेल्या बर्फाबरोबर आला असावा, किंवा स्वतः गुरूच दूर घडून पुढे आत सरकला असावा, अशी दोन्ही मते मांडली जातात. पाणी मात्र त्या उपकरणाला अपेक्षेपेक्षा फारच कमी मिळाले. ते नेमके वातावरणातल्या एका कोरड्या, ढगविरहित पट्ट्यात उतरले होते. महाराष्ट्रात एकच पर्जन्यमापक लावायचा आणि तो माणदेशात लावायचा, तर जे झाले असते तेच झाले. ही कसर पुढे गुरूभोवतीच्या कक्षेत गेलेल्या जुनो यानाने भरून काढली. सूक्ष्मतरंग टिपणाऱ्या त्याच्या उपकरणांनी ढगांखालचा ठाव घेतला, आणि गुरूच्या विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात एकूण रेणूंपैकी सुमारे पाव टक्का रेणू पाण्याचे असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले.

प्रश्न : गुरूवर उतरण्याचा प्रयत्न केला तर पाय कशावर टेकतील? ढगांखाली समुद्र आहे का? (दहावीची विद्यार्थिनी, अकोला)

उत्तर : पाय कशावरच टेकणार नाहीत, आणि ढगांखाली आपल्या कल्पनेतला समुद्रही नाही. गुरूला पृष्ठभागच नाही. आकाराची मापे देण्यासाठी कोठेतरी रेघ ओढावी लागते म्हणून जेथे दाब पृथ्वीच्या समुद्रसपाटीएवढा भरतो ती पातळी शास्त्रज्ञांनी शून्य धरली आहे. पुस्तकांत गुरूचा व्यास सुमारे १,४३,००० किलोमीटर दिलेला असतो, तो या मानलेल्या पातळीचा.

वरून उतरू लागल्यावर प्रथम अमोनियाच्या स्फटिकांचे पांढुरके ढग लागतील. त्यांच्या खाली अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड यांच्या संयोगातून झालेल्या क्षाराचे ढग असावेत आणि त्याही खाली, दाब पाच-सहा पट झालेल्या पातळीजवळ, पाण्याचे ढग. गुरूवरच्या विजा मुख्यतः या पाण्याच्या ढगांच्या थरात चमकतात. ढगांचा हा सगळा पसारा जेमतेम शंभर किलोमीटरच्या आसपास जाडीचा आहे, आणि गुरूची त्रिज्या तर सत्तर हजार किलोमीटरांहून अधिक. आपण छायाचित्रांतून पाहतो तो गुरू म्हणजे ही एवढीच साल.

त्याखाली हायड्रोजन व हेलियम यांचे मिश्रण दाट आणि गरम होत जाते. पृथ्वीवर वाफेचे पाणी होताना दोन्हींमध्ये स्पष्ट सीमा असते, पाण्याचा पृष्ठभाग डोळ्यांना दिसतो. गुरूच्या आत मात्र तापमान एवढे चढलेले असते की हायड्रोजनच्या बाबतीत अशी सीमा उरतच नाही. वायूच दाबाने दाट होत होत, कोणत्याही एका ठिकाणी न बदलता, द्रवासारखा वागू लागतो. आपण वायू सोडून द्रवात कधी शिरलो, हे उतरणाऱ्याला सांगता येणार नाही. तेव्हा वस्तुमानाच्या दृष्टीने पाहिले, तर वायूचे म्हणवले जाणारे हे ग्रह बहुतांशी दाट प्रवाही पदार्थाचे आहेत.

ढगांच्या पातळीपासून केंद्राकडे साधारण पंधरा-वीस टक्के अंतर उतरल्यावर, म्हणजे दाब पृथ्वीवरील वातावरणाच्या दहा ते वीस लाख पट झाल्यावर, हायड्रोजनचे रूप पालटते. रेणू मोडतात, इलेक्ट्रॉन आपापल्या अणूला बांधलेले राहत नाहीत आणि हायड्रोजन एखाद्या वितळलेल्या धातूसारखा विद्युत्‌वाहक होतो. प्रचंड दाबाखाली हायड्रोजन धातुरूप होईल असे भाकीत यूजीन विग्नर आणि हिलार्ड हंटिंग्टन यांनी १९३५ मध्ये केले होते. १९५५ मध्ये बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन यांना गुरूकडून येणारे रेडिओ तरंग सापडले. त्यांतून गुरूला बलाढ्य चुंबकीय क्षेत्र असल्याचे उघड झाले, आणि असे क्षेत्र निर्माण करायला वाहक पदार्थाचा ढवळता साठा आत असावाच लागतो. प्रयोगशाळेत द्रव हायड्रोजनला क्षणभर जोरदार धक्का देऊन सुमारे १४ लाख वातावरणांच्या दाबाखाली तो धातूसारखी वीज वाहतो, हे कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९९६ मध्ये दिसून आले. गुरूचा बहुतेक अंतर्भाग याच धातुरूप हायड्रोजनने भरलेला आहे. पृथ्वीवर जो पदार्थ क्षणार्धापुरता कसाबसा मिळवता येतो, तोच सूर्यमालेतल्या सर्वांत मोठ्या ग्रहाचा मुख्य ऐवज आहे.

आता गाभा. जुन्या आकृत्यांत गुरूच्या मध्यभागी दगड आणि बर्फ यांचा एक घट्ट, काठ स्पष्ट असलेला गोळा दाखवत, आणि काही पाठ्यपुस्तकांत तो अजूनही दाखवतात. ती आकृती आता बदलायला हवी. जुनो यान ४ जुलै २०१६ रोजी गुरूभोवतीच्या कक्षेत गेले. प्रत्येक फेरीत ते ढगांच्या माथ्यापासून काही हजार किलोमीटरांवरून झपाट्याने जाते. त्या वेळी गुरूच्या गुरुत्वाकर्षणातील बारीकसारीक असमानतेमुळे यानाच्या वेगात होणारा फरक त्याच्या रेडिओ संदेशाच्या वारंवारितेतून पृथ्वीवर मोजला जातो, आणि ही मोजणी इतकी काटेकोर असते की सेकंदाला मिलिमीटरच्या शतांशाएवढा बदलही टिपता येतो. त्या मोजमापांशी घट्ट गाभ्याची आकृती जुळत नाही. जड मूलद्रव्ये मध्यभागी आहेत, पण ती धातुरूप हायड्रोजनमध्ये विरघळून, गुरूच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्यापासून कदाचित निम्म्यापर्यंत पसरली आहेत, असे मानावे लागते. हायड्रोजन-हेलियम सोडून उरलेल्या साऱ्या मूलद्रव्यांचे एकूण वस्तुमान काही डझन पृथ्वी एवढे भरते. हा गाभा असा विस्कटला कसा, यावर एकमत नाही. गुरूच्या बालपणी एखादा मोठा ग्रह त्याच्यावर आदळला असावा, असे एक मत आहे. ग्रह घडतानाच दगड, बर्फ आणि वायू एकदम मिसळत आत आले असावेत, असे दुसरे. मला दुसरे अधिक पटते. त्याला अपघाताची गरज लागत नाही, आणि पसरलेला गाभा शनीतही आढळला आहे.

केंद्रातील तापमान वीस हजार अंशांच्या घरात आणि दाब काही कोटी वातावरणांएवढा असावा. सोडलेली कोणतीही वस्तू त्याच्या कितीतरी आधी वितळून, मोडून गुरूचाच भाग झालेली असेल.

प्रश्न : हेलियमचा शोध आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. तोच हेलियम गुरू आणि शनीवर आहे का? आणि तो तेथे काय करतो? (वाचक, देवगड)

उत्तर : वायू तोच. पण किल्ल्याची गोष्ट थोडी नीट करून घेतली पाहिजे, कारण तिच्यात दोन ग्रहणे मिसळली आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी, हेलियमच्या शोधाशी ज्या दोघांची नावे जोडली जातात त्यांपैकी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आजच्या आंध्र प्रदेशातील गुंटूर येथे होते. दुसरे, इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर, त्या वेळी भारतात नव्हतेच. त्यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट घेतला आणि त्यातील पिवळ्या रेषेवरून पुढे नव्या मूलद्रव्याची, म्हणजेच हेलियमची, कल्पना मांडली. लॉकियर विजयदुर्गावर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आपली उपकरणे घेऊन गेले होते. तोपर्यंत विल्यम रॅम्से यांनी १८९५ मध्ये एका खनिजातून हेलियम वेगळाही केला होता. विजयदुर्गाचे खगोलशास्त्राच्या इतिहासातील स्थान खरेच आहे, पण ते १८९८ चे आहे.

गुरू आणि शनीच्या आत हेलियम जे करतो, ते मला गाभ्याच्या कोड्याहूनही मनोहर वाटते. मूळ मेघात हायड्रोजन व हेलियम यांच्या एकत्रित वजनात हेलियमचा वाटा सुमारे २७ ते २८ टक्के होता. गॅलिलिओच्या उपकरणाला गुरूच्या वरच्या थरांत तो सुमारे २४ टक्के आढळला. हेलियम रासायनिकदृष्ट्या उदासीन असल्याने कोणाशी संयोग पावून तो लपणार नाही, आणि गुरूच्या गुरुत्वाकर्षणातून निसटणे तर शक्यच नाही. मग हा तीन-चार टक्के हेलियम गेला कोठे? तो खाली गेला. अतिउष्ण धातुरूप हायड्रोजनमध्ये हेलियम विरघळलेला राहतो, पण ग्रह युगानुयुगे निवत गेला की एका विशिष्ट खोलीवर तो हायड्रोजनमध्ये मावेनासा होतो. साखरेचा दाट पाक निवताना साखरेचे कण सुटे व्हावेत, तसे हेलियमचे थेंब वेगळे होतात, आणि हायड्रोजनपेक्षा जड असल्याने केंद्राच्या दिशेने पडू लागतात. हा हेलियमचा पाऊस कोणी पाहिलेला नाही. मात्र त्याचा एक साक्षीदार आहे, निऑन. गुरूच्या वातावरणात निऑन सूर्याच्या तुलनेत सुमारे एक दशांशच उरला आहे, आणि गणित असे सांगते की निऑन हेलियमच्या थेंबांत सहज विरघळतो, आर्गॉन मात्र विरघळत नाही. हेलियम खाली जाताना निऑनला सोबत घेऊन गेला आणि आर्गॉन वरच राहिला, असे मानले तर सगळे आकडे जागच्या जागी बसतात.

शनीच्या बाबतीत हा पाऊस आणखी महत्त्वाचा ठरतो. दोन्ही ग्रह सूर्याकडून जेवढी ऊर्जा शोषतात त्याच्या जवळपास दुप्पट ऊर्जा बाहेर टाकतात. गुरूच्या बाबतीत ती जादा उष्णता मुख्यतः जन्मकाळच्या आकुंचनातून उरलेली आहे, असे म्हणता येते. शनी लहान असल्याने तो एव्हाना पुरेसा निवायला हवा होता, साध्या हिशेबाने तर अब्जावधी वर्षांपूर्वीच. तसे झालेले नाही. अब्जावधी वर्षांची ही तफावत भरून काढायला आत पडणाऱ्या हेलियमची ऊर्जा पुरेशी ठरते: थेंब खाली पडतात, त्यांची स्थितिज ऊर्जा घर्षणातून उष्णतेत बदलते आणि ग्रह उबदार राहतो. एडविन सॉलपीटर आणि डेव्हिड स्टीव्हन्सन यांनी ही मांडणी १९७० च्या दशकात केली. शनीच्या वातावरणात खोलवर आजवर एकही उपकरण उतरलेले नसल्याने तेथील हेलियमचे प्रमाण गुरूइतक्या नेमकेपणाने मोजलेले नाही. शनीवर असे उपकरण पाठवण्याचे प्रस्ताव वेळोवेळी मांडले गेले, ते मुख्यतः याच आकड्यासाठी.

प्रश्न : युरेनस आणि नेपच्यून हेही याच वर्गात मोडतात का? (वाचक, मडगाव)

उत्तर : आकाराने ते मोठ्यांत मोडतात, घटकांनी नाही. युरेनसचे वस्तुमान पृथ्वीच्या साडेचौदा पट आणि नेपच्यूनचे सतरा पट आहे, आणि त्यात हायड्रोजन-हेलियमचा वाटा वजनाने दहा ते वीस टक्क्यांच्या आसपासच असावा. बाकीचा ऐवज पाणी, अमोनिया, मिथेन आणि खडक यांचा आहे. या पदार्थांना शास्त्रज्ञ सरसकट बर्फ म्हणतात, पण तेथे ते काही हजार अंश तापलेल्या, दाट, वीज वाहणाऱ्या स्थितीत असतात. दोघांचा निळसर रंग वरच्या वातावरणातील मिथेनमुळे आहे, कारण मिथेन तांबडा प्रकाश शोषून घेतो. युरेनसच्या ढगांच्या वर हायड्रोजन सल्फाइड असल्याचे २०१८ मध्ये वर्णपटातून दिसले. सडक्या अंड्यांना येतो तो वास याच वायूचा.

या ग्रहांच्या आत हिऱ्यांचा पाऊस पडतो, असे मथळे आपण वाचले असतील. मिथेनमधला कार्बन प्रचंड दाबाखाली हिऱ्याच्या रूपात सुटा होईल, ही कल्पना १९८१ पासूनची आहे. प्लास्टिकच्या एका प्रकारावर शक्तिशाली लेसर मारून तसे दाब व तापमान क्षणभर निर्माण केल्यावर अतिसूक्ष्म हिरे तयार झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोग पक्का आहे, ग्रहांबद्दलचे अनुमान तेवढे पक्के नाही. या दोन ग्रहांजवळून आजवर एकच यान गेले आहे, व्हॉयेजर २, आणि तेही १९८६ मध्ये युरेनसजवळून व १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून नुसते निघून गेले. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर मथळ्यांनी इतका आत्मविश्वास दाखवू नये, असे मला वाटते.

प्रश्न : गुरू हा तारा होता होता राहिला, हे खरे का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. घटक ताऱ्याचे आहेत, पण हायड्रोजनचे केंद्रकीय ज्वलन सुरू व्हायला सध्याच्या सुमारे ऐंशी पट वस्तुमान लागले असते. ऐंशीपैकी एक गुण मिळवणाऱ्याला थोडक्यात नापास झाला असे कोणी म्हणत नाही. शिवाय जन्माची रीतही वेगळी आहे: तारे मेघ कोसळून थेट घडतात, तर गुरूची सुरुवात बहुधा दगड आणि बर्फ यांच्या, पृथ्वीच्या काही पट वजनाच्या गोळ्यापासून झाली आणि त्या गोळ्याने सूर्याभोवतीच्या तबकडीतील वायू, तो विरून जाण्यापूर्वीच्या मोजक्या दशलक्ष वर्षांत, स्वतःकडे ओढून घेतला. सूर्यापासून दूर पाण्याचा बर्फ टिकत असल्याने गोळा वाढवायला माल तेथे अधिक होता. पृथ्वीच्या जागी तो नव्हता.

प्रश्न : सगळा हायड्रोजन आणि हेलियमच असेल, तर गुरूवर तांबूस पट्टे कशाचे? (वाचक, बडोदे)

उत्तर : हे दोन्ही वायू रंगहीन आहेत आणि अमोनियाचे ढगही पांढरेच असतात, म्हणजे रंग आला आहे तो अत्यल्प प्रमाणातल्या कोणत्या तरी संयुगांतून. सूर्याच्या अतिनील किरणांनी अमोनिया आणि ॲसिटिलीनसारखे वायू मोडून त्यांतून तांबूस पदार्थ बनतो, हे प्रयोगशाळेत करून दाखवता आले आहे. गंधक व फॉस्फरस यांच्या संयुगांचीही नावे घेतली जातात. निर्णय झालेला नाही. पट्ट्यांना आकार देणारे वारे मात्र वरवरचे नाहीत: जुनोच्या मोजमापांनुसार ते सुमारे तीन हजार किलोमीटर खोलवर जातात. त्याच्या आसपास हायड्रोजन थोडाथोडा विद्युत्‌वाहक होऊ लागतो आणि चुंबकीय क्षेत्र त्या प्रवाहांना आवर घालते. शनीवर हीच खोली सुमारे नऊ हजार किलोमीटर निघाली, कारण तेथे तेवढा दाब यायला अधिक खोल जावे लागते.

प्रश्न : शनी पाण्यावर तरंगेल असे म्हणतात. तो आतूनही असाच हलका आहे का? (वाचक, ठाणे)

उत्तर : ०.६९ हा आकडा सरासरीचा आहे. वरचे थर पाण्यापेक्षा कितीतरी विरळ आहेत आणि मधला भाग पाण्याच्या अनेक पट दाट. त्यामुळे एवढा मोठा समुद्र मिळाला तरी शनी एखाद्या चेंडूसारखा त्यावर डुलत राहणार नाही. त्याचे वरचे वायू आणि त्या समुद्राची वाफ एकमेकांत मिसळून जातील. वाक्य लक्षात राहायला बरे आहे, पण त्यातून शनीच्या अंतरंगाविषयी काहीच कळत नाही.

अंतरंगाविषयी कळले ते वेगळ्याच वाटेने. शनीच्या आत सतत चाललेल्या मंद कंपनांमुळे त्याचे गुरुत्वाकर्षण किंचित बदलत राहते, आणि त्या बदलांचे ठसे त्याच्या कड्यांमध्ये सर्पिल लाटांच्या रूपाने उमटतात. शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाने १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीत विलीन होण्यापूर्वी केलेल्या नोंदींतून या लाटा मोजल्या गेल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार शनीचा गाभा त्याच्या त्रिज्येच्या सुमारे साठ टक्क्यांपर्यंत पसरलेला आहे आणि त्याचे वस्तुमान ५५ पृथ्वी एवढे भरते. त्यात दगड आणि बर्फ सुमारे १७ पृथ्वी एवढे, बाकी हायड्रोजन व हेलियम. शनीचे एकूण वस्तुमान ९५ पृथ्वी एवढे आहे, म्हणजे निम्म्याहून अधिक शनी या विरघळलेल्या गाभ्यातच सामावला आहे.